हाताच्या मुख्य रक्तवाहिनीत ब्लॉकेज निघालं: आता पुढं काय करायचं?

रिपोर्टवर लिहिलेलं असतं, ‘लेफ्ट सबक्लेव्हियन आर्टरी, ८० टक्के स्टेनोसिस’. स्टेनोसिस म्हणजे नस अरुंद होणं. घरातलं कुणीतरी त्याचा फोटो काढून पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पाठवतं आणि संध्याकाळपर्यंत भावकीत बातमी पसरते की अण्णांच्या हार्टला ब्लॉकेज आहे. मी कोल्हापुरात कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळी घालून नसांची तपासणी आणि उपचार करतात त्या खोलीत, सिस्टर म्हणून काम करते. घाबरून आलेल्या नातेवाइकांना आधी हेच सांगावं लागतं की ही हृदयाची नस नाही, हाताला रक्त नेणारी आहे. त्यामुळं घाई कमी आणि विचार करायला वेळ जास्त असतो. तो वेळ नीट वापरता यावा म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

हृदयातून निघालेली महाधमनी छातीच्या वरच्या भागात कमानीसारखी वळते. त्या कमानीतून तीन फांद्या फुटतात. पहिली ब्रेकिओसेफॅलिक, ती पुढं दुभंगून उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला जाते. दुसरी डावी कॅरोटिड, थेट मेंदूकडं. तिसरी डावी सबक्लेव्हियन, गळ्याच्या हाडाखालून डाव्या हाताला. यातली तिसरीच जास्त वेळा अरुंद होते, बहुतेक वेळा अगदी उगमापाशी. तिच्यातूनच व्हर्टेब्रल नावाची एक फांदी मानेच्या मणक्यांतून मेंदूच्या मागच्या भागाला जाते. ही फांदी लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

त्रास कसा कळतो

खूप जणांना काहीच होत नाही. आजूबाजूच्या छोट्या नसा हळूहळू मोठ्या होतात आणि हाताला रक्त पुरवतात. ज्यांना त्रास होतो त्यांचा तो कामात दिसतो. कागल भागातल्या एका मावशींनी सांगितलेलं मला अजून आठवतं: “एक म्हस पिळून हुईस्तवर डावा हात भरून येतोय, दुसरीला बसायचं म्हटलं की बोटं ऐकतच न्हाईत. जरा थांबलं की परत चांगला.” कामाला लागलं की हात दुखतो, जड पडतो, विसावा घेतला की पाच मिनिटांत मोकळा होतो. रक्त कमी पडण्याची ही नेमकी खूण आहे. मणक्यामुळं येणाऱ्या मुंग्या रात्री झोपेतही येतात, मान वळवली की वाढतात. हा त्रास मात्र हात किती चालवला त्यावर ठरतो. हात गार पडणं, एका मनगटाची नाडी बारीक लागणं, बोटांची टोकं काळी-निळी होणं ही पुढची लक्षणं.

दुसरा प्रकार भोवळीचा. उगमापाशी नस अरुंद झाली की हाताला रक्त कमी पडतं आणि हात ते व्हर्टेब्रलमधून खाली ओढून घेतो. म्हणजे जे रक्त मेंदूकडं वर जायचं ते उलटं खाली येतं. उसाच्या पाटाला वरून पाणी कमी आलं की शेवटचा गडी शेजारच्या सरीचं दार फोडून पाणी वळवतो, तसंच. डॉक्टर याला ‘सबक्लेव्हियन स्टील’ म्हणतात. अशा माणसाला कपडे पिळताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना घेरी येते, डोळ्यांपुढं अंधारी येते, तोल जातो.

आणखी दोघांनी जास्त सावध राहायला हवं. ज्यांची बायपास झाली आहे आणि छातीच्या आतल्या डाव्या धमनीचा, म्हणजे ‘लिमा’चा, ग्राफ्ट (हृदयाला जोडलेली नस) वापरला आहे, त्यांचा तो ग्राफ्ट सबक्लेव्हियनमधूनच निघतो. ती अरुंद झाली तर डाव्या हातानं काम करताना छातीत दुखू शकतं, कारण रक्त हृदयाकडून हाताकडं वळतं. आणि डायलिसिसवाले: ज्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) आहे त्या बाजूची नस अरुंद असेल तर मशीनवर रक्ताचा प्रवाहच पुरेसा मिळत नाही.

सगळ्यात आधी दोन्ही दंडांचा बीपी

याला पैसे लागत नाहीत, कोल्हापूरला यायचीही गरज नाही. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं, घरी मशीन असेल तर घरीही. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. उजव्या दंडाचा बीपी घ्या, लगेच डाव्या दंडाचा घ्या, मिनिटभर थांबून पुन्हा एकदा दोन्हीकडं. वरचा आकडा तेवढा बघायचा. दहापर्यंतचा फरक निरोगी माणसातही सापडतो. १५ किंवा त्याहून जास्त फरक प्रत्येक वेळी येत असेल आणि दर वेळी तोच हात कमी दाखवत असेल, तर तपासणी करायलाच हवी.

इथं एक गोष्ट खूप वेळा निसटते. ज्याची डावी नस अरुंद आहे त्याचा बीपी वर्षानुवर्षं डाव्याच दंडावर मोजला जातो आणि १२० बघून सगळे समाधानी असतात. उजव्या दंडावर तोच बीपी १७० असतो. खरा बीपी जास्त दाखवणाऱ्या हाताचा. म्हणजे गोळी सुरूच झालेली नसते आणि मेंदूवर, किडनीवर आतून मारा चालू राहतो. निदान झालं की फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘बीपी उजव्या हातावरच मोजावा’. दोन्ही बाजूंच्या नसा अरुंद असतील तर दोन्ही हात फसवतात, मग पायाचा बीपी बघावा लागतो.

तपासण्या

फरक पक्का झाला की पहिली तपासणी डॉपलर सोनोग्राफी. सुई नाही, रेडिएशन नाही. रक्ताचा वेग आणि व्हर्टेब्रलमधली दिशा दोन्ही तिच्यात दिसतात. नसेचा उगम छातीच्या पिंजऱ्याआड असल्यानं तो सोनोग्राफीत नीट दिसत नाही, म्हणून पुढं सीटी अँजिओग्राफी, म्हणजे नसांचं सीटी स्कॅन. तिच्यात शिरेतून आयोडीनचं औषध देतात, तेव्हा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा, रक्ताचा रिपोर्ट आधी लागतो. पूर्वी अशा औषधानं अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल तर ते आधीच बोला.

रुग्ण चाळिशीच्या आतली बाई असेल तर थांबून वेगळा विचार करायचा. मोठ्या वयात नस अरुंद होते ती चरबी आणि चुना साचून. तरुण मुलींमध्ये ‘ताकायासू’ हा नसेच्या भिंतीला सूज आणणारा आजार असू शकतो. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९०८ साली एका तरुणीच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांतला बदल नोंदवला, त्यांच्यावरून हे नाव पडलं. या आजारात मनगटाची नाडीच हरवते. बारीक ताप, वजन उतरणं, थकवा हे आधी महिनोन्‌महिने चालतं आणि घरचे त्याला अशक्तपणा समजून टॉनिक देत राहतात. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या करून संधिवाततज्ज्ञांना दाखवा. सूज पेटलेली असताना फुगा (नस आतून रुंद करायचा) किंवा स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) घातला तर नस पुन्हा आवळण्याची शक्यता बरीच वाढते. आधी औषधांनी सूज शमवायची, मग नसेला हात लावायचा. हात धोक्यात असेल तेवढाच अपवाद.

स्टेंट लागतो का?

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथं द्यायला हवा. लोक विचारतात, “किती टक्के आहे?” टक्के जास्त म्हणजे स्टेंट, असं हृदयाच्या बाबतीत ऐकून ऐकून डोक्यात बसलंय. सबक्लेव्हियनमध्ये आधी विचारायचं ते हाताला काय होतंय. नस ८० टक्के अरुंद आहे, पण माणूस दोन्ही हातांनी वैरण कापतो, भोवळ नाही, छातीत दुखत नाही, तर बहुतेकांना औषधं आणि नजर ठेवणं एवढंच पुरतं. उलट ७० टक्केच आहे, पण लोहाराचा किंवा चपला शिवणाऱ्याचा हात चालत नाही, तर त्याचं पोटच त्या हातावर आहे. तिथं नस उघडणं योग्य.

त्रास नसतानाही करावं लागतं ते मुख्यतः दोन वेळा: लिमा ग्राफ्ट असलेली किंवा होणार असलेली बायपास, आणि त्या हातातला डायलिसिसचा फिस्टुला. बायपासची तारीख ठरलेली असेल तर दोन्ही दंडांचा बीपी घेतला का, हे सर्जनना जरूर विचारा.

डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा हे प्रश्न कागदावर लिहून न्या: माझा त्रास नक्की याच नसेमुळं आहे का? स्टेंट न टाकता औषधांवर राहिलो तर काय होईल? नस अरुंद आहे की पूर्ण बंद? व्हर्टेब्रलचं तोंड किती जवळ आहे? तुमच्याकडं ही नस किती वेळा केली जाते? शेवटचा प्रश्न विचारायला आपली माणसं लाजतात. डॉक्टर रागावतील असं वाटतं. चांगले डॉक्टर रागावत नाहीत, आकडा सांगतात. हे काम हृदयरोगतज्ज्ञ, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट किंवा व्हॅस्क्युलर सर्जन करतात. पदवीपेक्षा या नसेचा अनुभव बघा.

फुगा आणि स्टेंट जमण्यासारखा नसेल, विशेषतः नस लांबपर्यंत पूर्ण बंद असेल, तर कॅरोटिडपासून सबक्लेव्हियनपर्यंत बायपास करता येतो. तो मानेत करतात, छाती उघडावी लागत नाही. जुना आणि टिकाऊ उपाय आहे, पण ऑपरेशन ते ऑपरेशनच.

पैसे आणि कागद

सरकारी दवाखाना म्हणजे आपल्याकडं सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. सुरुवातीचा सल्ला आणि तपासण्या तिथं केसपेपर काढून होऊ शकतात. तळकोकणातून, चंदगड-आजऱ्यातून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी मुक्कामाला यावं. सकाळी एसटीनं उतरून ओपीडीची रांग धरायची म्हणजे रुग्णाचे हाल होतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. आयुष्मान भारत आता तिला जोडलेलं आहे. पण योजना प्रत्येक दवाखान्यात नसते आणि योजनेतल्या दवाखान्यातही प्रत्येक उपचार होत नाही. म्हणून दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जाऊन नेमकं विचारा: सबक्लेव्हियनची अँजिओप्लास्टी (फुगा-स्टेंटनं नस उघडणं) या दवाखान्यात योजनेतून होते का? रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रतींसह न्या. नावात, वयात फरक असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. मंजुरी आल्याशिवाय तारीख धरू नका. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८.

खिशातून किंवा विम्यातून करणार असाल तर एक माहिती हवी. २०१७ साली केंद्र सरकारनं स्टेंटच्या किमतीला घातलेली मर्यादा हृदयाच्या स्टेंटसाठी आहे. हा स्टेंट वेगळा असतो: हृदयातला साधारण अडीच ते चार मिलिमीटर रुंद, हा सात ते नऊ मिलिमीटरच्या आसपास. तेव्हा शेजाऱ्यानं सांगितलेल्या हार्टच्या स्टेंटच्या दरावर हिशेब मांडू नका. स्टेंट, फुगा, खोली, डॉक्टरांची फी असा वेगवेगळा लेखी अंदाज मागा.

आदल्या दिवशी

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सहसा आधीच सुरू करतात. त्या सुरू झाल्या आहेत ना, हे खात्री करून विचारा. डायबेटिस असेल आणि किडनी कमजोर असेल तर मेटफॉर्मिन साधारण ४८ तास बंद ठेवायला सांगतात, इन्सुलिनचा डोस बदलतात. हे मनानं करायचं नाही, लिहून घ्यायचं. वॉरफॅरिन ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ते ओरडून सांगितलं तरी चालेल, पण सांगा. पाटल्या, बांगड्या, अंगठ्या, जोडवी घरीच काढून ठेवा. घट्ट बसलेली अंगठी ऐन वेळी साबण लावून काढत बसावं लागतं. जांघ आणि मनगट दोन्ही तयार करतात, कारण गरज पडली तर दोन्हीकडून जावं लागतं.

कॅथलॅबमध्ये

पूर्ण भूल देत नाहीत. तुम्ही जागे असता, आणि ते बरंच असतं, कारण तुम्ही बोलताय, हात-पाय हलवताय हीच मेंदू ठीक असल्याची खूण. जांघेत किंवा मनगटात बधिर करायचं इंजेक्शन देतात, तेवढंच टोचतं. मग एक बारीक नळी आत सरकवतात. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. आयोडीनचं औषध सोडलं की हातात, छातीत एकदम ऊब पसरते आणि घाबरायला होतं. ती दोन-चार सेकंदांत जाते.

अरुंद जागेच्या पलीकडं केसासारखी तार नेणं हे सगळ्यात जिकिरीचं काम. पूर्ण बंद नसेत खालून तार जात नसेल तर मनगटातून दुसरी नळी घालून उलट बाजूनं प्रयत्न करतात. तार पलीकडं गेली की तिच्यावरून फुगा. त्या वेळी आम्ही रुग्णाच्या उशाशी उभ्या असतो. “काका, आता फुगा फुगवतायत, खांद्यात दडपल्यासारखं वाटंल. हलायचं नाही, दुखलं तर बोला.” दडपतंय म्हणाले तर ठीक. जोरात, फाटल्यासारखं दुखतंय म्हणाले तर डॉक्टर तिथंच थांबतात. म्हणून सोसत गप्प पडून राहू नका.

उगमापाशी चुना साचलेला असेल तर नुसता फुगा काढून घेतल्यावर नस पुन्हा आवळते, म्हणून तिथं स्टेंट बसवतात. तो व्हर्टेब्रलच्या तोंडावर येणार नाही अशी जागा मोजून घेतात. स्टेंटच्या आधी आणि नंतर नसेच्या अलीकडचं आणि पलीकडचं प्रेशर मोजून फरक बघतात. कित्येकांचा हात टेबलावरच गरम होतो.

धोक्याबद्दल स्पष्ट बोलते. सगळ्यात भीती लकव्याची: साचलेला कण सुटून मेंदूत जाणं. शंभरात एखाद-दुसऱ्याला असं होऊ शकतं. ज्यांच्या व्हर्टेब्रलमध्ये रक्त उलटं वाहत असतं त्यांचा प्रवाह फुग्यानंतर लगेच सुलटा होत नाही, थोडा वेळ जातो, आणि तेवढ्यात सुटलेले कण मेंदूऐवजी हाताकडं जातात. हे एक नैसर्गिक संरक्षण. ब्रेकिओसेफॅलिकचं काम मात्र जास्त जोखमीचं, कारण तिथूनच उजवी कॅरोटिड निघते. नसेच्या आतल्या अस्तराला चीर जाणं आणि जांघेत रक्त साचणं हेही होतं, पण ते बहुतेक वेळा हाताळता येतं. अरुंद नस उघडण्यात यश शंभरात नव्वदहून जास्त वेळा मिळतं, पूर्ण बंद नसेत त्याहून कमी.

नंतरचे दिवस

जांघेतून केलं असेल तर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. खोकला, शिंक आली तर पट्टीवर हातानं दाबा. पट्टीखाली ओलं लागलं, गाठ फुगली, पाय किंवा हात गार पडला तर बेल दाबा, सकाळची वाट बघू नका. बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात. आठवडाभर वैरणीचा भारा, पाण्याची घागर, गॅसचा सिलिंडर उचलायचा नाही.

घरी गेल्यावर तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, एकदम दिसेनासं झालं तर १०८ बोलवा. भोंदूकडं किंवा मसाज करणाऱ्याकडं नेऊ नका.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या मिळून साधारण एक ते तीन महिने, मग ॲस्पिरिन पुढं चालू. दात काढायचा म्हणून, डोळ्याचं ऑपरेशन म्हणून कुणी गोळी बंद करायला सांगितलं तर ज्यांनी स्टेंट टाकला त्यांना आधी फोन करा. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी रिपोर्ट नॉर्मल आला तरी चालूच राहते. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली, बरेच डॉक्टर ५५ च्या खाली ठेवायला सांगतात.

तंबाखू पूर्ण बंद. बिडी-सिगारेट आणि मावा तर लोक कबूल करतात. मिसरी मात्र कुणी तंबाखूत धरतच नाही. मावशींना विचारलं, तंबाखू खाता का, तर “न्हाई हो, तसलं काय न्हाई.” मिसरी लावता का विचारलं की, “ती काय, सकाळ-दुपार दाताला लावतो.” ती भाजलेली तंबाखूच असते, तिच्यातलं निकोटीन हिरडीतून रक्तात जातं आणि नसा आवळतं. सुनांनी, मुलींनी हे डॉक्टरांसमोर स्वतःहून सांगावं आणि घरातली डबी बाहेर काढावी. सोडताना पहिले काही दिवस डोकं दुखतं, शौचाला होत नाही, चिडचिड होते. त्यासाठी औषध मिळतं, तेही मागून घ्या.

स्टेंट आत काही वर्षांत पुन्हा अरुंद होऊ शकतो, शंभरातल्या दहा-वीस जणांत असं होतं. म्हणून डॉपलर पहिल्या महिन्यात, सहा महिन्यांनी, वर्षानं आणि मग दर वर्षी. अरुंद झालं तरी बहुतेकांना पुन्हा फुगा मारता येतो. दर वेळी जुने सगळे डॉपलर आणि स्टेंटचं कार्ड सोबत न्या. एकट्या नव्या रिपोर्टमधल्या वेगाच्या आकड्यावरून डॉक्टरांना फारसं कळत नाही, मागच्या आकड्याशी ताडून बघितला की नस टिकलीय की आवळतेय ते दिसतं.